भट्टीचा जमाखर्च कोण लिहिणार?

सायंकाळी चारच्या सुमारास उद्यमबागेतील एखाद्या लहान फौंड्रीच्या दारात उभे राहावे आणि ओतणी पाहावी. सकाळपासून वाळूत गुडघे टेकून ज्यांनी साचे भरले, तीच माणसे आता भट्टीच्या तोंडाशी जमलेली असतात. भट्टी कलते, 1,400 अंशांचा रस लॅडलमध्ये उतरतो आणि दोघे जण ती लॅडल उचलून साच्यांच्या रांगेतून अशा तोलाने चालू लागतात की, डोक्यावर तीन घागरी घेऊन चालणाऱ्या गृहिणीनेही मान डोलवावी. त्या घटकेला कुणी कुणाशी बोलत नाही. रसाचा एक थेंब उडाला तर तो बुटाचे कातडे जाळून पायापर्यंत पोचतो, हे सर्वांना ठाऊक असते. आणि पुष्कळांच्या पायांत बूटही नसतात. तासाभरात भट्टी रिती होते. पुढे साचे फुटतात, वाळूतून पंपांची कवचे, मोटारींची अंगे, ट्रॅक्टरांचे सुटे भाग बाहेर पडतात आणि घासूनपुसून कोल्हापूरच्या, पुण्याच्या, बंगळूरच्या वाटेला लागतात.

ज्या गावाला ही विद्या हस्तगत आहे त्या गावाने तिचा अभिमान बाळगावा, यात वावगे काही नाही. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान थाटले ते याच बेळगावात. 1903 साली त्यांचा लोखंडी नांगर निघाला तोही येथूनच. पुढे ठळकवाडीतील त्यांच्या कारखान्याची जागा गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला हवी झाली, आणि 1910 साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी देऊ केलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने एक कारखाना गमावला. परंतु लोखंडाशी जडलेले नाते गमावले नाही. कोल्हापूर, शिरोली, इचलकरंजी आणि बेळगाव हा ओतकाम करणाऱ्यांचा एकच पट्टा आहे. मध्ये राज्याची हद्द आली म्हणून मोल्डरचा हात काही निराळा होत नाही.

त्या पहिल्या नांगराची एक हकीकत येथे आठवते. लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष बाधते, अशा समजुतीने शेतकरी तो नांगर घेईनात. पहिले थोडेसे नांगर खपावयास लक्ष्मणरावांना दोन वर्षे वाट पाहावी लागली. ती समजूत खोटी होती आणि काळाने ती खोटी ठरविलीही. परंतु आज सव्वाशे वर्षांनंतर एखाद्या फौंड्रीच्या मागच्या कुंपणापाशी उभे राहून पलीकडच्या शिवाराकडे पाहिले की, ज्याला आपण अडाणी म्हणून हसलो त्या शेतकऱ्याची आठवण होऊन मन खजील होते. लोखंडाने जमीन नासत नाही हे खरे. लोखंड ओतून उरलेले जे आपण कुंपणापलीकडे लोटतो, त्याने ती नासते, हेही तितकेच खरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: फौंड्रीचा खर्च फौंड्रीच्याच वहीत लिहिला गेला पाहिजे. आज तसे होत नाही. वाळूचा खर्च शेताच्या नावे पडतो, धुराचा खर्च वस्तीच्या नावे, धुळीचा खर्च कामगाराच्या छातीच्या नावे. मालकाच्या वहीत उरतो तो नफा, आणि तो इतका तुटपुंजा असतो की मालकही सुखी नाही! चार जणांना खर्चात लोटून पाचव्याच्याही पदरात काही पडत नसेल, तर त्या व्यवहाराला व्यापार कोण म्हणेल?

प्रथम वाळूचा विचार करू. फौंड्री म्हणजे लोखंडाचे काम, असे बाहेरच्या माणसाला वाटते. मोल्डरला विचारा, हे वाळूचे काम आहे, असे तो सांगेल. एक टन ओतीव माल काढावयाचा तर साधारण चार-पाच टन वाळू साच्यांतून हाताळावी लागते. सिलिका वाळूत बेंटोनाइटची माती, थोडी कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी मिसळले की साच्याची वाळू सिद्ध होते. ती पुनःपुन्हा वापरता येते. परंतु दर खेपेला रसालगतचा थर जळतो, मातीचा चिकटपणा मरतो, दाण्यांचा भुगा होतो, आणि तितकी नवी वाळू घालून जुनी बाहेर काढावी लागते. कोअरसाठी आणि मोठ्या साच्यांसाठी रेझिन घालून जी वाळू वापरतात, ती तर एकदा रस ओतल्यावर जशीच्या तशी पुन्हा कामी येत नाही, आणि तिच्यात फिनॉलसारखी द्रव्ये मागे राहतात.

ही काढलेली वाळू जाते कोठे? तिला पाय फुटत नाहीत; ट्रॅक्टरची ट्रॉली फुटते! अंधार पडला की ट्रॉली निघते, आणि नाल्याचा काठ, पडीक खाण किंवा रस्त्याकडेचा खड्डा पाहून रिती होऊन परत येते. उद्यमबागेच्या शेजारी अनगोळ आणि मजगावचे शिवार आहे. बेळगावी बासमतीचा वास ज्या मातीला येतो ती ही माती. तिच्या आसपास कोठेही असा काळा ढीग पडला आणि त्यावर वळवाची पहिली सर आली की, तो ढीग पाण्याबरोबर चालू लागतो. भाताच्या खाचरात वाळूचा थर बसला म्हणजे त्या वर्षीचे पीक तर जातेच. पण तो थर उपसून काढण्याची मजुरी शेतकऱ्याने कुणाकडे मागावी? ढिगावर मालकाचे नाव लिहिलेले नसते.

या वाळूचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. आपल्या या पट्ट्याला लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या परिसरातील डोंगर खणून येते. तिकडे डोंगराला खड्डा पडतो आणि इकडे खाचर बुजते. दोन्ही ठिकाणी नुकसान सोसणारा शेतकरीच. मध्ये फौंड्रीवाला नव्या वाळूचे दाम मोजतो, तिच्या वाहतुकीचे दाम मोजतो, आणि तीच वाळू फेकून देण्यासाठी पुन्हा ट्रॉलीचे भाडे मोजतो. एकाच वस्तूसाठी तीनदा पैसे देऊन शेवटी शेजाऱ्याचा शाप विकत घ्यावयाचा, याला शहाणपण म्हणावे काय?

जळलेली वाळू घासून किंवा भट्टीत भाजून तिच्यावरचे रेझिन व मृत माती काढून टाकता येते आणि ती पुन्हा साच्यात घालता येते. ही विद्या परदेशातून आणावयाची राहिलेली नाही. केंद्र सरकारने 2003 साली औद्योगिक पायाभूत सोयींच्या उन्नतीची जी योजना सुरू केली, तिच्याखाली बेळगावातच फौंड्री क्लस्टर उभे राहिले. वाळू पुन्हा वापरात आणण्याची सोय हा त्याचा एक मुख्य हेतू होय. एकट्यादुकट्या लहान मालकाला असे यंत्र झेपत नाही, म्हणून दहा जणांनी मिळून ते वापरावे, ही त्यामागची दृष्टी रास्त आहे. प्रश्न एवढाच की, उद्यमबागेच्या आतल्या गल्लीत चार पेट्या मांडून बसलेल्या मालकाची वाळू तेथवर पोचते काय? ती पोचत नसेल, तर अडचण कशाची आहे? वेगवेगळ्या प्रकारची वाळू एकत्र मिसळून जाते म्हणून? नेण्याआणण्याचे भाडे परवडत नाही म्हणून? की नाल्याचा काठ अद्याप फुकट आहे म्हणून? आमची अशी समजूत आहे की, जोवर तिसरे कारण शिल्लक आहे तोवर पहिल्या दोहोंवर कुणी मनापासून उपाय शोधणार नाही.

आता विस्तवाचा हिशेब. येथे मालकाचे हित आणि गावाचे हित एकाच दांडीला टांगलेले आहे. परंतु पुष्कळांना ते दिसत नाही. उदाहरणादाखल असे समजू की, एका फौंड्रीने महिन्याला 100 टन धातू विजेच्या भट्टीत वितळविला. टनाला 600 युनिट वीज धरली तर 60,000 युनिट झाली. या 100 टनांपैकी 40 टन रनर-रायझरमध्ये अडकून पुन्हा भट्टीत गेला, आणि 60 टनांची कास्टिंगे निघाली. त्यांतली दहा टक्के फुगे, भेगा, पोकळ्या निघून नापास झाली. हाती राहिला 54 टन चोख माल. म्हणजे एका चोख टनामागे 1,111 युनिट वीज गेली. आता हेच नापास होण्याचे प्रमाण दहावरून चार टक्क्यांवर आणले, आणि साच्याची आखणी सुधारून 60 ऐवजी 66 टन कास्टिंगे काढली, तर चोख माल 63 टनांच्या वर जातो आणि टनामागची वीज 947 युनिटांपर्यंत उतरते. टनामागे सुमारे 164 युनिट वाचली! यासाठी नवी भट्टी नको, नवे कर्ज नको. वाळूतील ओलावा रोज मोजणे, भंगार निवडून घेणे, रसाचे तापमान अंदाजाने न धरता यंत्राने पाहणे आणि नापास मालाचे कारण वहीत टिपणे, एवढेच हवे.

नापास झालेले कास्टिंग पुन्हा वितळविता येते, मग त्यात गेले काय, असे म्हणणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. लोखंड परत मिळते हे खरे. परंतु त्यासाठी जळलेला कोक, खर्ची पडलेली वीज, फुटलेली वाळू आणि मोल्डरच्या कमरेतून गेलेला दिवस, यांतील काय परत मिळते? नापास कास्टिंग हा फौंड्रीतला सर्वांत मोठा धूर आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

जेथे अद्याप कोकचा कुपोला चालतो तेथेही मार्ग आहे. 1998 साली हावड्यात टेरी ही संस्था व स्विस सरकारची विकास संस्था यांनी एका लहान फौंड्रीत कुपोल्याला वारा एका रांगेऐवजी दोन रांगांतून देऊन दाखविला. कोकचा पाव हिश्शाहून अधिक खर्च वाचला, आणि सोबत बसविलेल्या पाण्याच्या यंत्राने धुरातील काजळीही आवरली. हे प्रयोग लहान फौंड्रीसाठीच केलेले होते. तरीही आमच्याकडे लहानपणाची सबब काही सुटत नाही.

या सबबीबद्दलच आता बोलावयाचे आहे. आमच्या कायद्यांनीही तिला हातभार लावलेला आहे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कुपोल्याच्या धुराची जी मर्यादा घालून दिली गेली, तिच्यात तासाला 3 टन वा त्याहून अधिक वितळविणाऱ्या कुपोल्याला घनमीटरमागे 150 मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, आणि त्याहून लहानाला 450 मिलिग्रॅमची! लहान मालकाची ऐपत पाहून ही सूट दिली, हे आम्ही समजू शकतो. परंतु त्याच्या धुराड्याखाली राहणाऱ्या मुलाचे फुप्फुस काही तिप्पट मोठे नसते. मोठ्या कारखान्यापाशी निदान मोकळी जागा असते. लहान फौंड्री तर घरांना खेटून उभी असते. जेथे धूर नाकापाशी येतो तेथेच तो अधिक सोडावा, हा न्याय उफराटा आहे.

आणि हाच उफराटा न्याय माणसाच्या बाबतीतही चालतो. येथे आम्हाला आमच्या गल्लीतील एका शेजाऱ्याची कथा सांगितली पाहिजे. त्याचे नाव सांगत नाही, फौंड्रीचेही सांगत नाही. कारण प्रश्न एका नावाचा नाही. तो फेटलिंगला होता. ओतून निघालेल्या कास्टिंगवरची वाळू झाडावयाची आणि ग्राइंडरने त्याच्या कडा घासावयाच्या, हे त्याचे काम, तेही तुकड्यावर. जितके नग तितके पैसे. संध्याकाळी तो घरी परतला की अंगणात अंघोळ करी, आणि त्याच्या अंगावरून उतरणारे पाणी काळे असे. नाकातोंडावर तो एक ओले फडके बांधी आणि तेवढ्याने आपले रक्षण होते असे समजे. चाळिशी उलटल्यावर त्याला खोकला लागला. क्षय समजून औषधे झाली, एकदा झाली, पुन्हा झाली. तू काम काय करतोस, हा प्रश्न त्याला पुष्कळ वर्षे कुणी विचारला नाही. विचारला तेव्हा त्याला आमच्या घराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबावे लागत होते. त्याच्या फौंड्रीकडे तो गेला, तेव्हा आमच्या पटावर तुमचे नाव नाही, तुम्ही ठेकेदाराचे माणूस, असे उत्तर मिळाले. ठेकेदार दुसऱ्या गावी निघून गेला होता.

या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते. जी दिसत नाही, ती सिलिकाची बारीक धूळ थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथे व्रण पाडते. हा रोग बरा करणारे औषध नाही. क्षयही त्याच्या मागोमाग येतो, म्हणून दोहोंची गल्लत होते. ओल्या फडक्याने ही धूळ अडत नाही. ती उठते तेथेच, ग्राइंडरच्या तोंडाशीच, ओढून घेणारा पंखा व नळ बसविणे, वाळू ओलसर ठेवणे, झाडण्याऐवजी यंत्राने शोषून घेणे, आणि तरीही जी उरेल तिच्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटा देणे, हाच तिच्यावरचा उपाय.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असेही नाही. 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्यात सिलिका धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला. 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची वर्दी सरकारला देणे बंधनकारक केले. 1984 साली भोपाळचा संहार झाला, आणि त्यातून जागे होऊन 1987 साली त्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत ओतशाळांचे नाव स्पष्टपणे घातले गेले. एवढे सगळे लिहून झाल्यावर प्रश्न उरला तो डोकी मोजण्याचा. 1948 च्या कायद्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागी 10 कामगार असले की ती जागा कारखाना ठरे. 2020 च्या संहितेने ती संख्या 20 केली. आम्ही विचारतो, अकरा माणसांच्या फौंड्रीतील धूळ वीस माणसांच्या फौंड्रीतील धुळीहून मऊ असते काय? पटावर नऊ आणि प्रत्यक्षात एकोणीस, हा खेळ जुनाच आहे. आता खेळाचे मैदान वाढवून मिळाले, एवढेच.

येथे फौंड्रीमालक आम्हाला अडवील आणि म्हणेल, "संपादक महाशय, तुम्ही लेखणी चालवता, आम्हाला भट्टी चालवावी लागते. गिऱ्हाईक किलोमागे आठ आण्यांसाठी दुसऱ्या दारात जाते. माल घेते आज आणि पैसे देते चार महिन्यांनी. पंखे आणि मुखवटे आणावेत कशातून?" त्याचे हे म्हणणे खोटे नाही. उद्यमबागेतील बहुतेक मालक हे मोल्डर, पॅटर्नमेकर, फिटर म्हणून हात काळे करूनच वर आलेले आहेत. त्यांना खलनायक ठरवून टाळ्या मिळविण्याची आम्हाला हौस नाही.

परंतु मग ती तक्रार योग्य दारात नेली पाहिजे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 साली झालेला कायदा सांगतो की, लेखी करार काहीही असो, खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत. न केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज त्याला द्यावे लागेल. 2023 च्या वित्त अधिनियमाने त्याच्या जोडीला प्राप्तिकराचा चाप लावला: मुदतीत पैसे न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च म्हणून वजा मिळावयाचा नाही. अस्त्र हाती आहे. मग ते चालविले का जात नाही? कारण एकट्या मालकाने बड्या गिऱ्हाइकावर दावा लावला की दुसऱ्या दिवशी त्याची ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते, आणि शेजारी ती हसत घेतो. जेथे शेजारी शेजाऱ्याचा दर पाडतो, तेथे कायदा बिचारा काय करील? आपापसांत दर पाडण्याची ही चुरस थांबली नाही, तर त्या पाडलेल्या दराची वसुली शेवटी वाळूतून, धुरातून आणि फेटलरच्या छातीतूनच व्हावयाची.

गिऱ्हाइकाने मनावर घेतले तर काय घडते याचेही एक उदाहरण आहे. 2007 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका वृत्तपत्राने हावड्यातील एका फौंड्रीची छायाचित्रे छापली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील गटारांची लोखंडी झाकणे तेथे ओतली जात होती, आणि ओतणारे कामगार उघड्या अंगाने, अनवाणी पायांनी तप्त रस वाहत होते. ती चित्रे पाहून न्यूयॉर्कची वीजकंपनी हादरली, आणि यापुढे परदेशी पुरवठादारांच्या करारात कामगारांच्या सुरक्षिततेच्या अटी घालण्याचे तिने जाहीर केले. हावड्याच्या कामगाराच्या पायांत बूट असावेत, हे सात समुद्रांपलीकडच्या गिऱ्हाइकाला एका चित्रामुळे कळले. आमच्या पुण्या-बंगळूरच्या बड्या कारखानदारांना ते चित्राशिवाय कळावयास काय हरकत आहे? त्यांचे इन्स्पेक्टर कास्टिंगाची जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजतात. कास्टिंग मोजून झाल्यावर त्यांनी मान वर करून ग्राइंडरवरचा पंखा चालू आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

आणि कुणीच काही केले नाही, तर काय होते? त्याचेही उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. आग्र्याच्या फौंड्र्यांनी धुराकडे वर्षानुवर्षे डोळेझाक केली. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडू लागल्याची हाकाटी झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 30 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने आग्र्यातील 292 उद्योगांना, ज्यांत पुष्कळ फौंड्र्या होत्या, आज्ञा केली: कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायू घ्या, नाहीतर येथून हला. जे काम दहा वर्षांच्या सवडीने, आपल्या सोयीने करता आले असते, ते न्यायालयाने ठरवून दिलेल्या तारखांच्या धाकाने करावे लागले. बेळगावात ताजमहाल नाही, म्हणून आपण निर्धास्त आहोत काय? ज्या गावात माणसे राहतात त्या गावाला ताजमहालाची गरज नसते. तेथील एका मुलाचा श्वासही तितकाच मोलाचा असतो. शिवाय आता गिऱ्हाईकही कार्बनचा हिशेब मागू लागले आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 पासून लोखंड-पोलादाच्या आयातीवर तो हिशेब मागावयास आरंभ केला. ज्याच्या वहीत टनामागचा कोक व वीज लिहिलेलीच नाही, तो उत्तर काय देणार?

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक फौंड्रीने दारावर एक फळा लावावा, आणि त्यावर दर महिन्याला चार आकडे लिहावेत: किती धातू वितळविला, चोख माल किती निघाला, नवी वाळू किती आणली, जुनी किती आणि कोठे टाकली. हा फळा इन्स्पेक्टरसाठी नाही. तो मालकाने स्वतः रोज पाहण्यासाठी आहे. मालकांच्या संघटनेने वाळू गोळा करण्याची गाडी गल्लोगल्ली फिरवावी, ग्रीन सँड व रेझिनची वाळू वेगळी उचलावी, आणि जी पुन्हा वापरात येणार नाही ती तपासून घेऊन फरशीच्या ठोकळ्यांसाठी किंवा भरावासाठी देण्याचा करार महापालिकेशी करावा. ठेकेदाराच्या कामगारासह प्रत्येकाच्या छातीची क्ष-किरण तपासणी व श्वासाची चाचणी वर्षातून एकदा व्हावी, आणि तिचा कागद मालकाच्या कपाटात न राहता कामगाराच्या हाती असावा. कामगारांच्या संघटनांनीही बोनसच्या मागणीच्या वर धुळीची मागणी लिहावी. बोनस दरवर्षी मागता येतो, फुप्फुस पुन्हा मागता येत नाही. आणि पैसे थकविणाऱ्या गिऱ्हाइकावर दावा लावावयाचा तर तो एकट्याने न लावता सर्वांनी मिळून त्याच्या मागे उभे राहावे.

यांतील एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी बंगळूरचा, मुंबईचा किंवा दिल्लीचा हुकूम यावयास हवा. सरकारच्या नावाने बोटे मोडण्याचे काम आम्ही या स्तंभातून पुष्कळ केले आहे आणि पुढेही करू. परंतु आपल्या कुंपणाशेजारचा ढीग उचलण्यासाठी सरकारची वाट पाहणारा समाज स्वाभिमानाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने बोलणार? आपल्या माणसांचा अभिमान सांगावयाचा तर आधी त्यांचा श्वास जपावा लागतो.

लक्ष्मणरावांच्या नांगराला पहिला गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षे लागली. पण तो मिळाला, कारण नांगराने जमिनीचे भले केले हे शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. उद्यमबागेतील प्रत्येक भट्टीची कसोटीही तीच आहे. कुंपणापलीकडच्या अनगोळच्या शेतकऱ्याने, गल्लीतल्या खोकणाऱ्या फेटलरने आणि धुराड्याखाली राहणाऱ्या आईने ज्या दिवशी म्हणावे की, ही भट्टी आमची आहे, त्या दिवशी तिचा जमाखर्च बरोबर जुळला असे समजावे. तोवर मालकाच्या वहीत दिसतो तो नफा नव्हे. ते शेजाऱ्याकडून न विचारता घेतलेले कर्ज होय, आणि कर्ज आज ना उद्या फेडावे लागते.